जिभेला कळतं, ते यंत्राला कसं कळावं?

मी रसायनशास्त्राचा माणूस. नोकरीची तीसेक वर्षं पाणी तपासण्यात गेली. आमची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी होती. आसपासच्या गावांतून विहिरींचं, बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आमच्याकडे यायचं. आम्ही ते तपासायचो, छापील फॉर्ममध्ये आकडे भरायचो, खाली शेरा लिहायचो आणि सही ठोकायचो. आज ज्या यंत्राबद्दल सांगणार आहे, ते आमच्या प्रयोगशाळेत कधीच नव्हतं. पण असं काही असायला हवं, हे मला तिथेच कळलं. तेही एका आजींमुळे.

१९९३ सालचा उन्हाळा. एका गावच्या सार्वजनिक विहिरीचं पाणी आलं होतं. रिपोर्ट न्यायला ग्रामपंचायतीचा शिपाई आला. त्याच्याबरोबर सत्तरीच्या एक आजी होत्या. बाजाराला म्हणून एसटीनं आलेल्या, त्याच्या सोबतीनं आत आल्या. मी शिपायाच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, "पाणी ठीक आहे."

आजी म्हणाल्या, "ठीक कसं, साहेब? पाणी बदललंय. मचूळ लागतंय. डाळ शिजंना त्यात."

मी हसलो. "आजी, उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पाणी थोडं जड होतंच. सगळं मर्यादेत आहे."

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "चाळीस वर्सं त्या हिरीचं पाणी पितीया मी. हे आमचं पाणी न्हाई."

तीन आठवड्यांनी त्या गावात जुलाबाची साथ आली. पोरंबाळं सलाइनवर होती. कुणी दगावलं नाही, हे नशीब. विहिरीपासून थोड्या अंतरावर एक शोषखड्डा होता. त्यातलं पाणी खडकाच्या भेगेतून विहिरीत झिरपत होतं. मी कपाटातून त्या विहिरीची जुनी फाइल काढली. आधीच्या वर्षी क्लोराइड होतं लिटरला ७० मिलिग्रॅम, आता १८०. इष्ट मर्यादा २५०, म्हणजे आकडा मर्यादेत. नायट्रेट १२ वरून ३८ वर गेलं होतं. मर्यादा ४५, म्हणजे तेही आतच. पाण्याचा कठीणपणाही वाढला होता, पण हद्दीत होता. गावानं फक्त रासायनिक तपासणी मागितली होती, म्हणून जंतूंची तपासणी झालीच नव्हती. माझ्या रिपोर्टातला एकही आकडा चुकीचा नव्हता. चुकीचा होता तो शेरा.

मी प्रत्येक आकडा वेगळा काढला, त्याच्या त्याच्या मर्यादेशी ताडून पाहिला आणि 'पास' म्हणून पुढे सरकलो. आजींच्या जिभेनं एकही आकडा काढला नाही. तिनं सगळं पाणी एकदम पाहिलं आणि कालच्या पाण्याशी ताडलं. थोडं थोडं सगळंच सरकलं होतं. ते सरकणं तिला कळलं, मला कळलं नाही.

एकनिष्ठ सेन्सर

यात दोष माझा होताच, पण आमच्या शास्त्राची रीतही तशीच होती. रसायनशास्त्रज्ञाचं स्वप्न असतं एकनिष्ठ सेन्सरचं. म्हणजे असं एखादं साधन, की जे द्रवात बुडवलं की एकाच पदार्थाला ओळख देईल आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहणार नाही.

या स्वप्नाला आकार आला तो काचेच्या इलेक्ट्रोडनं. विशिष्ट प्रकारच्या काचेचा पातळ पडदा दोन द्रावणांमध्ये ठेवला, तर दोन्हीकडच्या आम्लतेतल्या फरकाप्रमाणे त्यावर विद्युत दाब तयार होतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. आम्लता दसपट झाली की दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टनं बदलतो. पुढे १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन या रसायनशास्त्रज्ञाकडे त्यांचा एक मित्र अडचण घेऊन आला. तो फळबागायतदारांच्या संघात काम करायचा आणि त्याला लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचा होता. रसात टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड नेहमीच्या पद्धतींना दाद देत नव्हता. बेकमन यांनी काचेच्या इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉनिक वर्धकाची जोड दिली आणि आज प्रत्येक प्रयोगशाळेत दिसणारा पीएच मीटर जन्माला आला. म्हणजे आंबट चव मोजण्याच्या गरजेतूनच हे यंत्र आलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर वेगवेगळ्या आयनांसाठी इलेक्ट्रोड निघाले. १९६६ मध्ये लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा फ्लोराइड इलेक्ट्रोड आला. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे या साधनाचं मोल किती, हे पाणी तपासणाऱ्यालाच ठाऊक.

पण पूर्ण एकनिष्ठ सेन्सर मिळत नाही. काचेचा इलेक्ट्रोड तीव्र अल्कलीत सोडियमलाच हायड्रोजन समजू लागतो. फ्लोराइडचा इलेक्ट्रोड हायड्रॉक्साइडला फसतो. हे तरी गुणी म्हणायचे. प्रयोगशाळांमधून असे शेकडो सेन्सर तयार झाले, की जे पाच-दहा पदार्थांना एकदमच प्रतिसाद देत. ते निकामी म्हणून बाजूला टाकले गेले.

दोन बिलांचं गणित

आता जिभेकडे पाहा. आपल्या जिभेत क्लोराइड ओळखणारी एक जागा, नायट्रेट ओळखणारी दुसरी, असं काही नाही. खारट, आंबट, गोड, कडू आणि जपानी लोक जिला 'उमामी' म्हणतात ती, अशा मोजक्या चवींचे ग्राहक जिभेवर आहेत. एकट्या कडू चवीसाठी सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत. त्यातले बरेचसे एका नव्हे, तर अनेक कडू पदार्थांना दाद देतात. म्हणजे निसर्गानं एकनिष्ठतेचा हट्ट धरलेला नाही. पुष्कळ अर्धवट साक्षीदार बसवले आहेत. प्रत्येकाची साक्ष मोघम. ऐकणारा मेंदू मात्र त्या सगळ्या साक्षी एकत्र मांडून सांगतो, हा चहा कालच्यासारखा नाही.

मोघम साक्षींतून पक्की माहिती कशी निघते? आपण सगळ्यांनी शाळेत एकसामायिक समीकरणं सोडवली आहेत. समजा दुकानदार वस्तूंच्या किमती सांगत नाही, फक्त एकूण बिल सांगतो. दोन वह्या आणि तीन पेनं, ५५ रुपये. एवढ्यावरून वहीची किंमत कळत नाही. पण दुसरं बिल आहे तीन वह्या आणि एका पेनाचं, ६५ रुपयांचं. आता लगेच कळतं, की वही २० रुपयांना आणि पेन ५ रुपयांना. दोन्ही बिलं मोघम होती, एकत्र ठेवली तेव्हा बोलू लागली.

यात एक अट आहे. दुसरं बिल चार वह्या आणि सहा पेनांचं, ११० रुपयांचं असतं, तर काहीच उपयोग नव्हता. ते पहिल्याचीच दुप्पट. म्हणजे साक्षीदार मोघम असले तरी चालतील, पण प्रत्येकाचा मोघमपणा वेगळा हवा. आणि तो रोज तोच राहायला हवा.

घरोघरी पाण्याचं फिल्टर विकायला येणारा विक्रेता पेनासारखं एक यंत्र पाण्यात बुडवून 'टीडीएस' दाखवतो, ते तुम्ही पाहिलं असेल. ते यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. म्हणजे हाही एकूण बिल सांगणारा दुकानदारच. त्यातलं मीठ किती, नायट्रेट किती, हे त्याला सांगता येत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. त्या एका आकड्यावरून पाणी चांगलं की वाईट ठरवणं म्हणजे बिलाच्या रकमेवरून पिशवीत काय आहे ते ओळखणं.

फुकुओका ते सेंट पीटर्सबर्ग

टाकून दिलेल्या मोघम सेन्सरांनाच एका रांगेत बसवायचं आणि त्यांची साक्ष एकत्र घ्यायची, ही कल्पना आधी वासाच्या बाबतीत आली. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा पेरसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी १९८२ मध्ये असं कृत्रिम नाक दाखवलं. द्रवपदार्थांसाठी हे काम पुढे नेलं जपानमध्ये फुकुओकाच्या क्युशू विद्यापीठातल्या कियोशी टोको यांनी. जिभेच्या पेशींचं बाह्य आवरण स्निग्ध रेणूंचं असतं. टोको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळे स्निग्ध पदार्थ प्लास्टिकमध्ये मिसळून आठ प्रकारचे पडदे बनवले आणि १९९० मध्ये आपला आठ पदरी चव-सेन्सर जगापुढे मांडला. द्रवात बुडवला की आठ पडद्यांवर आठ वेगळे विद्युत दाब. आठ आकड्यांची ही ओळ म्हणजे त्या द्रवाचा जणू अंगठ्याचा ठसा.

या यंत्राची गंमत अशी, की सायट्रिक आम्ल, ॲसेटिक आम्ल, हायड्रोक्लोरिक आम्ल ही रसायनं वेगळी असूनही त्यांचे ठसे एकमेकांसारखे निघाले, कारण तिन्ही आंबट. म्हणजे यंत्र पदार्थांची नव्हे, चवींची जातवारी करत होतं. पुढे टोको यांच्या गटानं आणखी एक युक्ती केली. नमुन्यातून सेन्सर बाहेर काढायचा, हलकाच विसळायचा आणि पुन्हा मोजायचा. कडू आणि तुरट पदार्थ पडद्याला चिकटून राहतात, त्यामुळे विसळल्यावरही दाब पूर्ववत होत नाही. काढा प्यायल्यावर जिभेवर रेंगाळणारी चव आपल्याला ठाऊक आहे. तिचंही असं मोजमाप निघालं.

याच सुमारास रशियात सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात युरी व्लासोव आणि आंद्रेई लेगिन हे रसायनशास्त्रज्ञ गंधक, सेलेनियम अशा मूलद्रव्यांपासून बनलेल्या खास काचांचे सेन्सर बनवत होते. रोमच्या तोर व्हेर्गाता विद्यापीठातले अर्नाल्डो डी'अमिको आणि कोर्राडो दी नाताले हे सेन्सरच्या रांगांचं गणित जाणणारे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे दोन गट एकत्र आले आणि त्यांच्या यंत्राला 'इलेक्ट्रॉनिक जीभ' हे नाव मिळालं. चहा, कॉफी, फळांचे रस, बिअर, वाइन, खनिज पाणी, सगळं त्यांनी तिला चाखवलं. एकाच पेयाचे वेगवेगळे प्रकार ती ओळखू लागली. रस उघडा ठेवला की तो कसा उतरत जातो, हेही तिला कळू लागलं. स्वीडनमध्ये लिंशोपिंग विद्यापीठात फ्रेड्रिक विन्क्विस्ट यांनी १९९७ मध्ये तिसराच मार्ग धरला. सोनं, प्लॅटिनम अशा धातूंच्या तारा द्रवात बुडवायच्या, त्यांना विजेचे छोटे छोटे झटके द्यायचे आणि प्रत्येक झटक्याला द्रव कसा प्रवाह देतो ते टिपायचं. त्यांच्या जिभेनं दुधाचा ताजेपणा उतरताना टिपला.

शेवटी २००५ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे आययूपीएसीनं, या विषयावर अहवाल काढला आणि व्याख्या पक्की केली. अनेक कमी-निवडक सेन्सरांची रांग आणि त्यांच्या आकड्यांतून अर्थ काढणारं गणित, दोन्ही मिळून इलेक्ट्रॉनिक जीभ. नुसती सेन्सरांची रांग म्हणजे जीभ नव्हे. गणिताशिवाय ती मुकी.

हे गणित काय करतं? आठ सेन्सर असले की प्रत्येक नमुन्याचे आठ आकडे. आठ दिशांचं चित्र आपल्याला डोळ्यांसमोर आणता येत नाही. लहानपणी आपण कंदिलासमोर हात धरून भिंतीवर सावल्या पाडायचो. हात आडवा धरला तर सगळी बोटं एकात एक मिसळतात. तोच थोडा फिरवला की पाचही बोटं सुटी दिसतात. संगणक हेच करतो. आठ दिशांमधल्या ठिपक्यांची सावली कागदावर अशा कोनातून पाडतो, की नमुने एकमेकांपासून जास्तीत जास्त सुटे दिसतील. मग चांगल्या दुधाचे ठिपके एका जागी गोळा होतात, नासलेल्याचे दुसरीकडे.

शिकवलेली जीभ

आज अशा जिभा कामाला लागल्या आहेत. औषधं बनवताना त्यांचा मोठा आधार होतो. लहान मुलं कडू औषध थुंकून टाकतात, हे कुठल्या आईला सांगायला हवं? औषधाचा कडूपणा झाकण्याचे दहा प्रकार करून पाहायचे, तर प्रत्येक वेळी माणसांना ते चाखायला लावता येत नाही. नव्या औषधाच्या बाबतीत तर ते धोक्याचंच. तिथे आधी यंत्र चाखतं. आपल्या देशात कोलकात्याच्या सी-डॅक या संस्थेनं जादवपूर विद्यापीठाच्या साथीनं चहासाठी इलेक्ट्रॉनिक नाक आणि जीभ यांवर बरंच काम केलं आहे. चहाच्या लिलावात भाव ठरतो तो भुरके मारून चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांच्या शब्दावर. त्या माणसांचं कौशल्य दांडगं, पण सर्दी झाली, दिवस अखेरीला आला, की माणसाची जीभ थकते. यंत्राची साक्ष तिथे जोडीला उपयोगी पडते.

जोडीला, हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण या जिभेच्या मर्यादाही सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट, तिला आधी शिकवावं लागतं. जाणकारांनी पारखलेले चहाचे पुष्कळ नमुने दाखवून 'हा उत्तम, हा मध्यम' असं सांगावं लागतं. जे तिला शिकवलं नाही, ते तिला ओळखता येत नाही. फार तर ती म्हणेल, हे काहीतरी वेगळं आहे. दुसरी गोष्ट, सेन्सर म्हातारे होतात. त्यांचे आकडे हळूहळू घसरतात, मग उजळणी घ्यावी लागते. एका यंत्राला शिकवलेलं दुसऱ्या यंत्राला जसंच्या तसं लागू होत नाही. तिसरी गोष्ट मजेची आहे. विद्युत दाब मोजणाऱ्या सेन्सरना मीठ आणि आम्ल सहज कळतं, कारण पाण्यात त्यांचे भारित कण होतात. साखरेच्या रेणूवर भार नसतो. त्यामुळे लहान मुलाला सर्वात आधी कळणारी गोड चव या यंत्रांना मात्र जड गेली.

पण सर्वात महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे आणि ती माणसाच्या जिभेलाही लागू आहे. 'बदल' कळायला 'काल' चांगला असावा लागतो. फ्लोराइडच्या ज्या गावांचा मी मघाशी उल्लेख केला, तिथल्या माणसांच्या जिभा काही कमी तरबेज नव्हत्या. पण लिटरमागे दीड-दोन मिलिग्रॅमच्या वर गेलेलं फ्लोराइड चवीला कळत नाही. तिथलं पाणी कालही तसंच होतं आणि परवाही. त्याच पाण्यावर पोरांच्या दातांवर डाग पडले, मोठ्यांची हाडं वाकली, तरी ते 'आमचं पाणी'च होतं. तिथे आजींच्या जिभेचा काही उपयोग झाला नसता. तिथे तो एकनिष्ठ इलेक्ट्रोडच हवा, एकच आकडा चोख सांगणारा. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकचंही तसंच. आणि जंतूंसाठी जंतूंचीच तपासणी हवी. इलेक्ट्रॉनिक जिभेनं पाणी कालच्यासारखंच आहे असं सांगितलं, म्हणजे ते पिण्यासारखं आहे असं होत नाही.

म्हणून मला वाटतं, दोन्ही रीती एकमेकींच्या जागी बसवू नयेत. एक रीत सांगते, यात अमुक इतकं आहे. दुसरी सांगते, हे पाणी बदललं आहे, जरा थांबून पाहा. १९९३ साली माझ्याकडे पहिली रीत होती आणि दुसरी दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला मर्यादांचा कागद दाखवला.

तुमच्या सोसायटीच्या बोअरचा किंवा गावच्या विहिरीचा रिपोर्ट कधी हातात आला, तर 'पिण्यास योग्य' या शेऱ्यावर थांबू नका. जंतूंची तपासणी झाली आहे का, ते विचारा. मागच्या वर्षीचा रिपोर्ट मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. मर्यादेतच राहून तीन-चार आकडे एकदम वर सरकले असतील, तर पाणी आलं कुठून हे शोधायला लागा. आणि घरातलं कुणी म्हणालं की पाण्याला नेहमीची चव नाही, तर त्याला वेड्यात काढू नका.

त्या साथीनंतर निवृत्त होईपर्यंत मी एक सवय लावून घेतली होती. प्रत्येक रिपोर्टवर चालू आकड्याशेजारी आधीच्या वर्षीचा आकडाही लिहायचा. छापील फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात पेन्सिलीनं लिहायचो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)